मावांग (२००७): सूडाची मालिका म्हणून लावली आणि भलत्याच प्रश्नापाशी येऊन थांबले

नीलमोहोर

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पंधरा रात्री तिच्या उशाशी जागायची वेळ आली. एका कानात हेडफोन, दुसरा कान आईकडे, अशी मी 'मावांग' दुसऱ्यांदा पाहिली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा कॉलेजात होते. मैत्रिणीने पेन ड्राइव्हवर वीसच्या वीस भाग दिले होते आणि तेव्हा जू जीहून किती देखणा दिसतो एवढंच डोक्यात राहिलं होतं. या वेळी मालिका छातीवर येऊन बसली, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेवट सांगत नाही, आणि प्रतिसाद देणाऱ्यांनीही कृपया सांगू नये.

कोरियाच्या केबीएस-२ वाहिनीवर २१ मार्च ते २४ मे २००७ या काळात बुधवार-गुरुवारी लागायची. दिग्दर्शक पाक चानहोंग, लेखिका किम जीऊ. बाहेरच्या देशांत 'द डेव्हिल' आणि 'लूसिफर' अशा दोन्ही नावांनी ओळखतात. बारा वर्षांपूर्वी शाळेतला कांग ओसू आणि त्याचे मित्र एका मुलाला छळत असतात. तेहून नावाचा मुलगा मध्ये पडतो, झटापट होते, ओसूच्या हातातला चाकू लागतो आणि तेहून मरतो. ओसूचा बाप वजनदार. प्रकरण स्वसंरक्षणाचं ठरून मिटतं. तेहूनची आईही पाठोपाठ जाते. उरतो धाकटा भाऊ, तेसंग. तो मेलेल्या मित्राचं नाव घेऊन वाढतो आणि वकील होतो: ओ सुंगहा (जू जीहून). गरिबांची प्रकरणं लढवणारा, सगळ्यांशी मऊ हसून बोलणारा. ओसू तोवर पोलीस झालेला असतो. मग टॅरोचं, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांतलं, पान घातलेली पार्सलं यायला लागतात आणि खून सुरू होतात.

तिसरी सो हेइन (शिन मिना), ग्रंथालयात काम करते. वस्तूला हात लावला की त्या वस्तूच्या आसपास जे घडलं ते तिला दिसतं. पोलीस तिची मदत घेतात.

सुंगहा स्वतःच्या हाताने कोणाला मारत नाही. ज्यांच्या पोटात आधीच आग आहे अशांना तो हेरतो, त्यांना नको त्या माणसासमोर नको त्या वेळी उभं करतो, आणि मग कोर्टात त्यांचीच बाजू लढतो. म्हणजे ज्या दाराने ओसू सुटला, त्याच दाराने तो एकेकाला बाहेर काढतो. हे या वेळी लक्षात आलं तेव्हा मी हेडफोन काढून नुसती बसून राहिले. आई म्हणाली, "काय गं, दुखतंय का कुठं?"

तर प्रश्न असा: तुमच्या मते यातला 'मावांग' कोण? सुंगहा, ओसू, की ओसूचा बाप?

रातकिडा

नाव पण ऐकलं नव्हतं. आज रात्री लावतो. ओसूचं वर्णन वाचूनच डोक्यात तिडीक गेलीय.

कोकणकन्या

नीलमोहोर, माझी सगळ्यात आवडती कोरियन मालिका! खूप वर्षं कोणीतरी धागा काढेल म्हणून वाट बघत होते.

एक भर घालते. याच दिग्दर्शक-लेखिकेची २००५ ची 'बुह्वाल' म्हणजे 'पुनरुत्थान' आधी आली होती. त्यातही ऑम तेउंगच नायक. जुळा भाऊ मारला जातो आणि हा त्याचं नाव घेऊन सूड घ्यायला निघतो. मावांगमध्ये तोच नट ओसू आहे, म्हणजे दोन वर्षांपूर्वी जो सूड घेत होता तो आता ज्याच्यावर सूड घेतला जातोय त्या खुर्चीत बसलाय. कोरियात ज्यांनी दोन्ही लागोपाठ पाहिल्या असतील त्यांच्या पोटात काय कालवलं असेल! पुढे २०१३ मध्ये 'शार्क' आली, किम नामगिल आणि सोन येजिनची. तिन्ही मिळून सूडाची त्रयी म्हणतात. शार्क मला कमी आवडली. प्रेमकथा फार वर येते आणि सूडाची धार जाते.

प्रश्नाचं उत्तर: बाप. विचारायलाच नको.

शेवगाशेंग

बाप +१. पोराने चूक केली, बापाने ती चूक कायमची करून टाकली.

चिंचपेटी

मी 'माओ', म्हणजे याच मालिकेची जपानी आवृत्ती, आधी पाहिली. टीबीएस, २००८, अकरा भाग. वकील ओनो सातोशी, पोलीस इकुता तोमा. वीस भागांचा मजकूर अकरात बसवलाय त्यामुळे पळते छान, पण कोरियनमध्ये ओसूच्या मित्रांना जेवढी जागा मिळालीय तेवढी तिथे नाही. आणि या गोष्टीत ते मित्र फार महत्त्वाचे आहेत. त्या दिवशी तिथे फक्त ओसू नव्हता.

ओनो मात्र कमाल. तेव्हा एरवी अराशी या जपानी पॉप गटात नाचणारा हसरा मुलगा, इथे हसला की भीती वाटते.

रातकिडा

तीन भाग झाले. मत बदललं नाही. ओसूचं काय व्हायचं ते होऊ दे. पण हा वकील जेव्हा आशिलाच्या शेजारी बसून त्याचं ऐकतो ना, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. खरंच कळवळा आहे की नाटक, काही पत्ता लागत नाही.

दुभाषीताई

नीलमोहोर, नावाबद्दल थोडं. मी रांजणगावच्या एका कोरियन कंपनीत नऊ वर्षं दुभाषी आहे. 'मा' म्हणजे असुर, सैतान. 'वांग' म्हणजे राजा. पण कोरियन माणसाला हा शब्द ऐकल्यावर आणखी एक गोष्ट आठवते: शाळेतला संगीताचा तास. जर्मन कवी गटेची १७८२ ची एक कविता आहे, शूबर्टने १८१५ मध्ये तिला चाल लावली. जर्मन नाव 'एर्लक्योनिग'. कोरियनमध्ये तिचं नाव 'मावांग' आणि जपानीत 'माओ'. बाप आजारी पोराला छातीशी धरून रात्री घोडा पळवतोय. पोरगं म्हणतं बाबा, तो बघा मला बोलावतोय. बाप म्हणतो काही नाही रे, धुकं आहे ते. घरी पोहोचेपर्यंत पोर गेलेलं असतं.

म्हणून 'मावांग कोण' या प्रश्नाबरोबर मला आणखी एक प्रश्न दिसतो: पोराला घट्ट धरून पळणारा बाप कोण? ओसूच्या बापाला वाटलं आपण पोराला वाचवतोय. पोर काय बघतंय हे त्याने कधी विचारलंच नाही.

आणखी एक. इंग्रजी सबटायटलं बघणाऱ्यांच्या हातून मोठी गोष्ट निसटते. ओसू आणि सुंगहा एकमेकांना पदाने हाक मारतात, 'ब्योन्होसानिम' म्हणजे वकीलसाहेब आणि 'ह्योंगसानिम' म्हणजे इन्स्पेक्टरसाहेब. पूर्ण अहो-जाहो. एकाने दुसऱ्याचा भाऊ मारलाय, दुसरा त्याचं आयुष्य उसवतोय, आणि तोंडी मात्र सतत 'साहेब, आपण बसा'. इंग्रजीत सगळं एकाच 'यू'मध्ये सपाट होतं. मराठीत केलं असतं तर हा ताण आयता आला असता.

नीलमोहोर

दुभाषीताई, अंगावर काटा आला. त्या कवितेचं अजिबात माहीत नव्हतं. अहो-जाहोचं वाचून आता मला तिसऱ्यांदा बघावी लागणार.

तर्कतीर

मालिका चांगली असेल, पण त्या हेइनच्या 'वस्तूला हात लावला की दिसतं' प्रकाराबद्दल बोलायला हवं. सायकोमेट्री हा शब्द १८४२ मध्ये जोसेफ रोड्स ब्युकॅनन नावाच्या अमेरिकी डॉक्टरने काढला. वस्तूंमध्ये स्मृती साठते ही त्याची कल्पना. पावणेदोनशे वर्षं झाली, नीट घेतलेल्या चाचणीत कोणालाही हे करून दाखवता आलेलं नाही.

आणि हे निरुपद्रवी नसतं. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडला समुद्रकिनाऱ्यावरून तीन भावंडं नाहीशी झाली. जेरार्ड क्रोइसेट नावाच्या डच 'दिव्यदृष्टी'वाल्याला बोलावलं गेलं. त्याने एका गोदामाच्या फरशीखाली मुलं पुरली आहेत असं सांगितलं. लोकांनी पैसे गोळा करून फरशी खोदली. काहीही मिळालं नाही. मुलं आजपर्यंत सापडलेली नाहीत. त्या आईबापांनी ती खोदाई कशी पाहिली असेल याचा विचार करा.

खाकीची लेक

तर्कतीर, तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि तरीही मालिकेच्या बाजूने बोलणार आहे.

वडील मराठवाड्यात हवालदार होते. घरफोडी झाली की पोलीस यायच्या आधी कोणीतरी भगताकडे जाऊन आलेलं असायचं. तो तांदूळ टाकायचा, सुपात बघायचा आणि "घरचाच माणूस, सावळा, डाव्या हाताचा" असं काहीतरी सांगायचा. मग गावात जो गरीब, सावळा आणि डावखुरा असेल त्याचं कंबरडं मोडायचं. मी सहावीत असताना एका सालगड्याला वडिलांनी असंच जमावातून सोडवून घरी आणलं होतं. आमच्या ओसरीवर बसून त्याने पाणी प्यायलं, तांब्या हातात थरथरत होता, अर्धं पाणी सदऱ्यावर. चोरी त्याने केलीच नव्हती, पुढे दुसराच सापडला. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा वडील निवृत्त झाले होते, पण त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र दोनदा वाचलं.

तरीही. हेइन भगतासारखी वागत नाही. तिला तुकडे दिसतात, ती तुकडेच सांगते. चेहरा दिसला नाही तर दिसला नाही म्हणते. आणि तिने सांगितलेलं कोर्टात चालणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ओसूला पुढचं सगळं पायी फिरून, माणसांना भेटून शोधावं लागतं. तिची शक्ती गुन्हा उकलत नाही, कुठे बघायचं तेवढं सांगते. माझ्या मते लेखिकेने तिला त्यासाठी आणलेलंच नाही.

वकील, नाशिक

वरच्या प्रतिसादाला कायद्याची पुस्ती जोडतो. आपल्याकडे दिव्यदृष्टी सोडाच, नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्यासुद्धा संमतीशिवाय करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा सेल्वी निकाल.

आता मालिकेतला कायदा. मावांग दाखवली गेली तेव्हा कोरियात खुनालासुद्धा मुदतीचा कायदा होता, म्हणजे तेवढी वर्षं उलटली की खटला भरता येत नसे: पंधरा वर्षं. मालिकेतले बारा वर्षांचे अंतर म्हणजे त्या मुदतीच्या आतलं, पण प्रकरण आधीच मिटवलेलं. मालिका संपल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुदत पंचवीस वर्षं झाली. देगू शहरात १९९९ मध्ये एका लहान मुलावर ॲसिड टाकलं गेलं होतं, तो वाचला नाही, आरोपी सापडला नाही. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा बदल २०१५ च्या जुलैमध्ये झाला आणि खुनाची मुदत पूर्ण काढून टाकली. पण ज्यांची मुदत आधीच संपली होती त्यांना तो लागू झाला नाही. त्या मुलाचं प्रकरणही त्यातच गेलं.

ह्वासोंगचे खून बऱ्याच जणांना सिनेमामुळे माहीत असतील. १९८६ ते १९९१ मध्ये दहा बायका-मुली मारल्या गेल्या. २०१९ मध्ये डीएनएवरून माणूस सापडला. तो दुसऱ्या खुनासाठी आधीच जन्मठेपेत होता, पण या खुनांसाठी खटला चालवता आला नाही, कारण मुदत संपलेली. आणि त्यातल्या एका खुनासाठी भलताच माणूस सुमारे वीस वर्षं तुरुंगात राहून आला होता. तो २०२० मध्ये निर्दोष ठरला.

भारतात खुनाला मुदत नाही. मुदत आहे ती तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना. पण साक्षीदार म्हातारे होतात, फायली भिजतात, त्या मुदतीचं काय करणार.

माझं उत्तर: सुंगहा. वकील म्हणून सांगतो, आशिलाचा विश्वास वापरून त्याला खुनी बनवणं यासारखं पाप नाही. ज्या माणसांना त्याने सोडवलं, त्यांच्या हाताला लागलेलं रक्त कोणता निकाल धुणार?

कोकणकन्या

वकीलसाहेब, हे पटलं, मी डळमळले. खरंच की, त्या बिचाऱ्या माणसांचा विचार मी केलाच नव्हता. त्यांचंही दुःख खरं होतं आणि सुंगहाने ते उसनं घेऊन वापरलं.

रातकिडा

आठवा भाग संपला, रात्रीचे पावणेतीन. कांदेपोहे करून खाल्ले. ओसू पोलीस का झाला ते कळलं. तरी मत कायम, पण आता थोडं ओरडून सांगावं लागतंय.

मध्यमा

मला सारखी अंबा आठवत होती. भीष्माने पळवलेली, शाल्वाने नाकारलेली, कोणीच पदरात घेईना अशी. ती दुसरा जन्म घेते, दुसरं शरीर घेते, शिखंडी होते, फक्त एका माणसासाठी. आणि शेवटी बाण तिचे नसतातच, अर्जुनाचे असतात. ती समोर उभी राहते एवढंच. सुंगहाही समोर उभा राहतो, बाण दुसऱ्यांचे.

भीष्माला ठाऊक असतं समोर कोण आहे. तो धनुष्य खाली ठेवतो. ओसूला जेव्हा कळतं तेव्हा तो काय करतो, हे सांगत नाही, पण तिथे मी रडले.

शेवगाशेंग

मध्यमा, नको ना असं लिहूस, ऑफिसात वाचतेय.

गुलबक्षी

हे सगळं वाचताना कल्याणीनगर आठवत नाही असा पुण्यात कोणी असेल का? मे २०२४ चा मोटार अपघात. अल्पवयीन मुलगा, दोन जीव गेले, आणि पहिल्या दिवशीच्या जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. त्यानंतर रक्ताच्या नमुन्याबद्दलचे आरोप. मला तेव्हा मुलाचा राग आला त्याहून जास्त त्या भोवतालच्या मोठ्या माणसांचा आला.

संपादक मंडळ

गुलबक्षी, भावना समजतात. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे नावं आणि तपशील यात कोणी शिरू नये. धागा मालिकेवरच राहू द्या.

दुभाषीताई

संपादकांचा मान ठेवून मालिकेवरच बोलते, पण गुलबक्षीने बोट बरोबर जागी ठेवलंय. किम जीऊ आणि पाक चानहोंग यांना 'भोवतालची मोठी माणसं' सोडवतच नाहीत. २०१६ ची 'किओक' म्हणजे 'आठवण' पाहा: यशस्वी वकिलाला अल्झायमर होतो, आणि त्याच्या मुलाचा जीव घेऊन पळालेल्या गाडीवाल्याचं जुनं प्रकरण वर येतं. २०१९ ची 'आरुमदाउन सेसांग', म्हणजे 'सुंदर जग', तर थेट शाळेतल्या छळावर आहे. मुलगा शाळेच्या गच्चीवरून पडून बेशुद्ध, आणि बाकीच्या मुलांचे आईबाप व शाळा मिळून पांघरूण घालतायत. तिथे सूड नाही. आईबाप फक्त खरं काय झालं ते विचारत दारोदार फिरतात. मावांगनंतर बारा वर्षांनी त्याच दोघांनी तीच गोष्ट सूड काढून सांगितली असं मला वाटतं. बारा वर्षं, तेही मालिकेतल्यासारखीच.

रानजाई

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी वाचक असते. शिक्षिका आहे, आता निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. दुभाषीताईंनी शाळेचं लिहिलं म्हणून.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीचा वर्ग, मधली सुट्टी. चार मुलांनी एकाला कोपऱ्यात घेतलेलं. कंपासपेटीतलं कर्कटक. मी पोहोचले तेव्हा त्या मुलाचा तळहात आरपार झाला होता आणि तो रडत नव्हता, हाताकडे बघत होता. ज्याच्या हातात कर्कटक होतं तो मात्र मोठ्याने रडत होता. मी दोघांना एकाच बाकावर बसवून रुमाल बांधला.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. ज्याने टोचलं त्याचे वडील गावातले मोठे. 'मुलं खेळत होती, लागलं' असं लिहिलं गेलं आणि खाली माझीही सही आहे. ती सही मी केली. जखमी मुलाचं नाव वर्षअखेर दुसऱ्या शाळेत गेलं. रडणाऱ्या मुलाला त्या दिवसानंतर कोणी काही विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. तो माझ्या तासाला मान वर करायचा नाही.

मागच्या दिवाळीत तो एसटी स्टँडवर भेटला. मोठा झालाय, मिशी आलीय. वाकून नमस्कार केला. मग मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत उभा राहिला, जाईना. शेवटी म्हणाला, "बाई, तो आता कुठं असतो?" मी म्हटलं, बघते, विचारते. माझी गाडी लागली, मी चढले.

ही मालिका माझ्या मुलीने लावून दिली. ओसूच्या पहिल्या भागापासून मला त्या मुलाची किल्ली दिसत होती.

नीलमोहोर

रानजाईताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मला धाग्यात जे विचारायचं होतं आणि नीट शब्द सापडत नव्हते ते हेच. ओसूला त्या वेळी शिक्षा झाली असती, एखादं वर्ष सुधारगृहात काढलं असतं, तेहूनच्या आईच्या पायाशी जाऊन बसता आलं असतं, तर तो सुटला असता. निर्दोष ठरवून त्याची ती वाटच बंद केली. बारा वर्षं तो स्वतःच स्वतःला कोठडीत घालून फिरतोय आणि कोणी खटला चालवत नाही.

तर्कतीर

रानजाईताई, सही तुमची असली तरी लिहिणारा हात एकटा तुमचा नव्हता. हे मनापासून सांगतो.

आणि खाकीची लेक, तुमचं पटलं. काल पहिले चार भाग पाहिले. हेइनला मी चुकीचं समजत होतो. ती त्या मेलेल्या मुलाची साक्षीदार आहे. बाकी सगळ्यांनी विसरायचं ठरवलंय, वस्तूंनी ठरवलेलं नाही.

हातरुमाल

थोडं अवांतर. बाबांचं एचएमटीचं घड्याळ माझ्याकडे आहे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. रोज सकाळी आठला किल्ली द्यायचे, अकरा-बारा वळसे, मोजून. पट्ट्याच्या आतल्या बाजूला घामाने काळपट झालेली एक रेघ आहे, ती मी पुसत नाही. मला काही दिसत नाही, तर्कतीर, घाबरू नका. पण किल्ली देताना बोटांना कुठे थांबायचं ते घड्याळच सांगतं. हेइन वस्तूंना हात लावायच्या आधी क्षणभर थांबते ना, ते मला समजतं.

चिंचपेटी

हातरुमाल, सुंदर.

सायकोमेट्रीच्या इतर मालिका कोणाला हव्या असतील तर २०१९ ची टीव्हीएनवरची 'ही इज सायकोमेट्रिक' आहे, तरुण आणि हलकी. आणि २०२३ ची 'बिहाइंड युअर टच': खेड्यातली गुरांची डॉक्टर, तिला जनावराच्या किंवा माणसाच्या ढुंगणाला हात लावला की दिसतं! मी आणि सासूबाई खो खो हसलो. पुढे खुनाची भानगड निघते आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

शेवगाशेंग

सासूबाईंना सांगा त्यांना आमच्या कट्ट्यावर बोलावलंय!

कोकणकन्या

कलाकारांचं कोणी बोललंच नाही. जू जीहून तेव्हा पंचविशीत होता आणि आदल्याच वर्षी 'गुंग'मध्ये राजपुत्र झाला होता. त्या पोरीबाळींच्या लाडक्याला घेऊन असली भूमिका देणं म्हणजे धाडस. आजच्या पिढीला तो 'किंगडम'मुळे माहीत. शिन मिना 'होमटाउन चा-चा-चा'मुळे. त्या मालिकेच्या चाहत्यांनी ही नक्की बघा, तिचे डोळे तेव्हाही असेच होते.

टीआरपी मात्र बेताचा होता. पण ज्यांना लागली त्यांना अशी लागली की सोडवेना. कोरियात अशा चाहत्यांना 'फेइन' म्हणतात, बरोबर ना दुभाषीताई?

दुभाषीताई

बरोबर. मूळ अर्थ वाया गेलेला माणूस, झोप-जेवण सोडून बसलेला. रातकिड्याचं सध्या जे चाललंय ते.

रातकिडा

मान्य. सतरावा भाग. सुंगहाच्या त्या बहिणीचा प्रसंग... जिला दिसत नाही, आणि जिने त्याला आपला भाऊ म्हणून वाढवलं. ज्याचं नाव त्याने घेतलंय त्याच्याच बहिणीच्या घरात तो रोज जेवायला बसतो. हे मला सूडापेक्षा भयंकर वाटलं आणि प्रेमळ पण वाटलं, दोन्ही एकदम. आधी मी फार सोपं बोलून गेलो. थांबतो.

वकील, नाशिक

मीही माझ्या मतात दुरुस्ती करतो. सुंगहा दोषी आहेच. पण नीलमोहोर यांनी लिहिलेलं, 'कोणी खटला चालवत नाही', ते दोन दिवस डोक्यात फिरतंय. मुदतीच्या कायद्याबद्दल आम्ही नेहमी पीडिताच्या बाजूने बोलतो. आरोपीलाही निकालाची गरज असते हे वीस वर्षांच्या वकिलीत मी कधी मांडलं नाही. माझे काही आशील सुटल्यावर पेढे घेऊन आले आणि पुन्हा कधी डोळ्याला डोळा देऊ शकले नाहीत. तेव्हा मला वाटायचं फी बुडवायची असेल.

मध्यमा

रानजाईताई, विचारू का? तुम्ही त्या मुलाला पत्ता सांगितलात?

रातकिडा

संपली. पहाटेचे सव्वाचार. शेवटाबद्दल एक अक्षर लिहीत नाही, नीलमोहोरला शब्द दिलाय. मावांग कोण याचं उत्तर पहिल्या दिवशी माझ्याकडे होतं, आता नाही. पहिला भाग परत लावलाय. सुंगहा पहिल्यांदा हसतो तिथे थांबवून बसलोय.

आणि मलाही मध्यमासारखंच विचारायचं होतं.

रानजाई

मध्यमा, रातकिडा, पत्ता नाही सांगितला. तो माझा नव्हता सांगायला.

पण हा धागा वाचल्यावर जुन्या हजेरीपुस्तकांवरून त्या दुसऱ्या मुलाच्या मामांचा नंबर शोधला, त्यांच्याकडून त्याचा मिळाला. संभाजीनगरला असतो, इलेक्ट्रिशियन आहे. काल दुपारी मेसेज केला. आधी माझ्या सहीबद्दल लिहिलं, माफी मागितली. मग लिहिलं की अमुक तुझी चौकशी करत होता, तुला चालेल का, नाही म्हणालास तरी चालेल.

दोन निळ्या खुणा काल रात्री आल्या. उत्तर अजून नाही. आज सकाळी बघितलं तर त्याने फोटो बदललाय: पान्हा धरलेला हात, तळहात समोर.